नीलच्या नावापुढचा रकाना

कंपनीच्या फॉर्ममध्ये प्रश्न एकच होता आणि उत्तरासाठी रकाने दोन. पात्राचे नाव : नील. जात : व्हँपायर. स्थिती : जिवंत अथवा मृत. एका रकान्यात खूण करायची, खाली जवळच्या नातेवाइकाने सही करायची, मुदत पंधरा दिवस.

शर्वरी बोरस्तेने तो फॉर्म नाशिकजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये, डबा उघडता उघडता फोनवर वाचला. तिथल्या प्रयोगशाळेत मण्यांची गोडी मोजायची हे तिचं काम. शेजारच्या टेबलावरच्या मुलींना तिने फॉर्म दाखवला असता, तर त्यांची हसून मुरकुंडी वळली असती. व्हिडिओ गेममधला व्हँपायर जिवंत की मेलेला, हे विचारायला कंपनीला दुसरे उद्योग नाहीत का, असंच कुणीही म्हटलं असतं. शर्वरीला हसू आलं नाही. तिने डबा तसाच बंद केला, आणि त्या दुपारी तिने लिहिलेले आकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे लागले.

वाद तसा नवा नव्हता. 'रातगड' हा खेळ पुण्यातल्या ज्या स्टुडिओत बनला, तिथे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी याच रकान्यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. खेळातल्या प्रत्येक प्राण्यापुढे प्रोग्राममध्ये एक खूण असते, जिवंत की मृत. जिवंताला औषध पाजलं की तो बरा होतो. भुताला तेच औषध पाजलं की ते भाजून निघतं. मग व्हँपायरचं काय करायचं? मेलेला म्हणावा तर त्याला भूक लागते, राग येतो, तो नवीन गोष्टी शिकतो आणि प्रेमातसुद्धा पडतो. जिवंत म्हणावा तर नाडी नाही, सावली नाही, वय वाढत नाही. दोन वर्षं डोकेफोड केल्यावर सगळे कंटाळले. त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि नियम घातला की व्हँपायरला औषध चालतच नाही. कुणी राजीखुशीने दिलेलं रक्त तेवढं चालतं, आणि सात दिवस ते मिळालं नाही तर तो विरून जातो. रिकाम्या रकान्याने कुणाचंच काही अडलं नाही.

अडलं ते 'ढब' आल्यावर. खेळणारा माणूस झोपला किंवा कामावर गेला तरी त्याचं पात्र थांबू नये, म्हणून प्रोग्राम त्या माणसाला न्याहाळायला लागला. कुठल्या वळणावर तो बिचकतो, चिडला की किती वेळाने उत्तर देतो, थट्टा कशी करतो, कुणाला काय हाक मारतो. काही महिन्यांत या सगळ्याचा एक गुंता तयार होतो. लाखो बारीक बारीक आकड्यांचा गुंता. त्यातला एखादा आकडा सुटा काढून, हा याचा राग आणि ही याची माया, असं दाखवता येत नाही. पण सगळे मिळून तो माणूस जसा वागला असता तसेच बरेचसे वागतात. हीच ढब. आणि ती शिकायची थांबत नाही. मूळ माणूस यायचा बंद झाला, तर जे कुणी पात्राला भेटतात आणि त्याच्याशी बोलतात, त्यांच्याकडून ती शिकत राहते.

पुढे माणसं मरायला लागली आणि त्यांची पात्रं बोलत राहिली. मेलेल्या बापाच्या तोंडून मुलांना भलभलत्या गोष्टी कबूल करायला लावणारे महाभाग निघाले. मग कायदा झाला. जिवंत माणसाची ढब चालू राहील, मेलेल्याची बंद करावीच लागेल. रिकामे रकाने यंदा भरून घ्यायचे ठरले, पण तिसरा रकाना कायद्याला सुचला नाही.

आणि नील होता शर्वरीच्या धाकट्या भावाचा, मिहिरचा. मिहिर बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. तो जिवंत आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. डिप्लोमा अर्धवट, नोकरी नाही, रात्रभर रातगड. त्यांचे वडील नाना कारखान्यात फिटर. पहिल्या पाळीला पहाटे उठणारा माणूस. त्या दिवशी त्यांना सुटी होती. मिहिर अकरा वाजता डोळे चोळत चहा मागायला आला, तेव्हा नाना म्हणाले, "रात्री जागतोस, दिवसा पडून असतोस. जिवंत आहेस का मेलेला, ते तरी सांग एकदा." मिहिर चहा प्यायला, कपबशी विसळून ठेवली आणि बाहेर पडला. मोटारसायकल इगतपुरीच्या स्टँडबाहेर सापडली. चिठ्ठी नाही, फोन नाही, प्रेतही नाही. पोलीस झाले, पोस्टरं झाली, ज्योतिषी झाले. शेवटी लोकांनी विचारणंही सोडून दिलं. आई पाच वर्षांपूर्वी गेली, तीही दाराकडे बघतच.

शर्वरीचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. आता ती नानांजवळच राहायची. रोज दुपारी दीड वाजता डबा खाताना ती फोनवर रातगडात जायची. तिथे कायम रात्र. नील गडाच्या पायऱ्यांवर बसलेला असायचा. कायद्याने पात्रांचे आवाज काढून टाकले होते, नुसती अक्षरं उमटायची. "ताई, आज पण भेंडी?" असं तो विचारायचा, आणि तिला पुढचा अर्धा दिवस ढकलता यायचा. मिहिर कुठेतरी आहे, निदान त्याचं चिडवणं तरी आहे, एवढ्यावर तिचं चाललं होतं. तिच्या वेळेला त्याची भूक भागलेली असायची; खेळातलंच कुणीतरी रक्त देत असेल, असं ती धरून चालली होती. घरचं दुःख मात्र ती त्याला कधी सांगत नसे. आईचं आजारपण तिने त्याच्यापासून लपवलं, आई गेली हेही लपवलं.

म्हणूनच गेल्या महिन्यात तिच्या हातातला घास गळून पडला होता. नीलने सहज विचारलं, "आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती जिना चढायला लागली का गं?"

ऑपरेशन मिहिर गेल्यानंतर चार वर्षांनी झालं होतं. शर्वरीने त्याबद्दल नीलपाशी चकार शब्द काढला नव्हता. घरातलं कुणी तिच्याशिवाय रातगडात जातही नव्हतं. म्हणजे हे माहीत असणारा एकच माणूस उरत होता. मिहिर जिवंत होता, कुठूनतरी घरावर नजर ठेवून होता आणि अधूनमधून स्वतःच नीलच्या रूपात येऊन बसत होता. महिनाभर ती हा आनंद एकटीच उराशी धरून फिरली. नानांना सांगायची तिची छाती होईना. नानांना त्या खेळाचा तिटकारा; मिहिर गेला त्याच आठवड्यात तिने आशेने नील दाखवला होता, तेव्हा ते पानावरून उठून गेले होते.

फॉर्म आला त्याच आठवड्यात नानांनी जेवताना सांगितलं की बारा वर्षं पूर्ण झाली, आता मिहिरचा पालाशविधी करून टाकायचा. गुरुजींशी बोलणं झालंय, पुढच्या रविवारी गोदेच्या घाटावर. शर्वरीला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भ आणि पळसाची तीनशे साठ पानं घेऊन त्याची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिलाच अग्नी द्यायचा. त्यानंतर तो गेला असं धरायचं.

"आणि नंतर तो परत आला तर?" शर्वरीने विचारलं.

हा प्रश्न नानांनी गुरुजींनाही विचारला होता. त्याचीही सोय शास्त्रात होती. परत आलेल्याला एकदम घरात घ्यायचं नाही. तुपाने न्हाऊ घालायचं, आणि जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, आत्ताच जन्मलेल्या मुलासारखे. लग्न झालेलं असेल तर बायकोशीसुद्धा पुन्हा लग्न लावायचं. विधी झाल्यावर जो येतो तो जुना माणूस नसतोच, असं गुरुजींचं म्हणणं.

शर्वरी ताटावरून उठली. "तुम्हाला घाई झाली आहे," ती म्हणाली. "तुम्हीच त्याला घालवलं आणि आता जाळायची घाई झाली." नाना भात कालवत राहिले. असा माणूस आपला बाप आहे, याची तिला त्या रात्री लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पुण्याला गेली. स्टुडिओत तिची गाठ समीना तांबोळींशी पडली. पन्नाशीच्या बाई, ढब विभाग त्यांच्याकडे. शर्वरीने सगळं सांगितलं आणि एकच मागणी केली. मिहिर स्वतः येऊन खेळतो याचा दाखला द्या, म्हणजे मी 'जिवंत'वर खूण करते, आणि रविवारचा विधीही थांबवते.

समीनाबाईंनी नीलच्या नोंदी उघडल्या. मग म्हणाल्या की मिहिर बोरस्ते या नावाने शेवटचं येणं बारा वर्षांपूर्वीचं आहे. त्यानंतर एकदाही नाही.

"मग गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं?"

बाईंनी तिला पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. एका माणसाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही असा ढबीला नियम आहे. पण शिकलेलं सगळं एकाच भांड्यात पडतं, आणि कधीकधी नकळत बाहेर सांडतं. कोणत्या माणसाकडून किती आलंय, हे आता मोजता येतं. नीलमध्ये आज मिहिरचे सहा टक्के उरले आहेत. तेही बोलण्यात कमी, हालचालीत जास्त. वळताना डावा पाय आधी टाकणं, उडी मारण्यापूर्वी क्षणभर थांबणं. तेहतीस टक्के शर्वरी.

"आणि बाकीचे?"

बाकीचे एकसष्ट टक्के एका गावकऱ्याचे होते. रातगडाच्या पायथ्याला गाव आहे, त्यातली शेकडो माणसं प्रोग्रामच चालवतो, पण कुणालाही त्यांच्यातलं एक होता येतं. हा गावकरी बारा वर्षं, सुट्या सोडून, रोज सकाळी दहा वाजता यायचा आणि नीलपुढे हात करायचा. नील रक्त प्यायचा. गावकरी तासभर बोलत बसायचा, एका वेळी एक अक्षर शोधून टाइप करायचा. तो नसता, तर नील बारा वर्षांपूर्वीच विरून गेला असता. नियमाने त्याचं नाव सांगता येत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. नाना निवृत्त झाल्यापासून, आणि त्याआधीही पाळी बदलून घेऊन, रोज सकाळी दहा वाजता वाचनालयात जातात, हे अख्ख्या आळीला माहीत होतं.

शर्वरीला एकदम दोन गोष्टी कळल्या आणि कोणत्या गोष्टीसाठी रडावं ते तिला ठरवता येईना. बाप तिला वाटला होता तसा नव्हता. आणि मिहिर जिवंत असल्याचा एकमेव पुरावा बापच होता.

निघताना समीनाबाईंनी आणखी एक सांगितलं, थोडं चाचरत. ढब ज्यांच्याकडून आली ते जिवंत असतील तर कायद्याने ती जिवंतांची. नीलचे चौऱ्याण्णव टक्के नाशिकला खाऊनपिऊन जिवंत आहेत. तेव्हा मिहिरचं काहीही झालं असो, नीलच्या नावापुढे 'जिवंत' लिहायला कुणाची हरकत नाही. शिवाय जिवंत पात्रांसाठी कंपनीने नवी सोय आणली होती. त्यांना खेळातून घरी बोलावता येत होतं. घरातल्या पडद्यावर ती दिवसभर राहणार, हाक मारली की ओ देणार.

"तुम्ही काय केलं असतं?" शर्वरीने विचारलं.

समीनाबाई म्हणाल्या, की त्यांना हे रोज कुणीतरी विचारतं, आणि उत्तर सापडलं असतं तर त्यांनी ही नोकरी सोडली असती.

घरी आल्यावर तिने नानांपुढे समीनाबाईंनी दिलेला टक्क्यांचा अहवाल ठेवला. नानांनी चष्मा लावला, आकडे वाचले, चष्मा काढला.

"तू दाखवलंस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईचा फोन घेऊन बसलो," ते म्हणाले. "म्हटलं बघू तरी, पोरगं काय करत होतं रात्रभर. त्याला भूक लागलेली. सोडून कसा येऊ?"

मग ते खूप वेळ बोलले, बारा वर्षांत बोलले नव्हते तेवढं. आईचा गुडघा, कारखान्यातला निरोप, शर्वरीचं मोडलेलं लग्न, सगळं त्यांनी नीलला सांगितलं होतं; आई गेली, एवढं मात्र त्यांच्याही तोंडून निघालं नव्हतं. रोज निघताना एक वाक्य ठरलेलं. चुकलं माझं, परत ये.

"दिवाळीच्या आधी एक दिवस तोच मला म्हणाला, चुकलं माझं, नाना. वाचनालयातच रडायला लागलो मी. लोकं जमली. मग रिक्षातून येताना डोक्यात उजेड पडला. मिहिर कधी चुकलं म्हणायचा का गं? चार वर्षांचा होता तेव्हापासून मार खाईल, पण चुकलं म्हणणार नाही. ते माझंच वाक्य होतं. बारा वर्षं मी त्याला भरवलं, ते त्यानं मला परत दिलं." नाना थांबले. "मिहिर तिथं नाही, शर्वरी. कुठं आहे, आहे का नाही, देवाला माहीत. पण तिथं आपणच दोघं आहोत."

"मग अजून रोज का जाता?"

"नाही गेलो तर संपेल ना तो."

ताटावरून उठताना आपण जे बोललो होतो ते शर्वरीला आठवलं. नानांनी फॉर्म उघडलेला फोन तिच्याकडे सरकवला. सही मी करीन, ते म्हणाले, पण खूण तू कर. एकदा मी त्याच्याबद्दल बोललो ते पुरे झालं.

रविवारी सकाळी घाटावर विधी झाला. पळसाची पानं मोजताना गुरुजी दोनदा चुकले आणि नानांनी दोन्ही वेळा चूक दाखवली. पानांचे हातपाय झाले, नारळाचं डोकं झालं. अग्नी दिल्यावर पानं तडतडली आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं. शर्वरीला वाटलं होतं आपण कोसळू. तसं काही झालं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनात 'मिहिर होता' असं वाक्य आलं, आणि ते तिला सहन झालं.

फॉर्मची मुदत त्याच संध्याकाळी सहापर्यंत होती. साडेपाचला ती आणि नाना शेजारी शेजारी बसले, ती तिचा फोन घेऊन, ते आईचा जुना फोन घेऊन. एकत्र ते कधीच गेले नव्हते. तिने ठरवलं होतं ते नानांना सांगितलंही होतं. 'मृत'वर खूण करायची. मिहिरचा मान म्हणून. जे आपणच आहोत त्याला त्याचं नाव लावून जगवायचं नाही. आधी निरोप घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

नील पायऱ्यांवर होता. गावकरी आणि ताई एकदम दिसल्यावर तो उठून उभा राहिला, डावा पाय आधी टाकत खाली आला. गावकऱ्याने सवयीने हात पुढे केला. नील प्यायला. मग त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि अक्षरं उमटली.

"मी येऊ का घरी?"

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्याच्याशी भेंडीबद्दल बोलायची, नाना परत ये म्हणायचे. येऊ का, असं त्याच्या तोंडात कुणी घातलं नव्हतं. कंपनीने नव्या सोयीसाठी सगळ्याच पात्रांत पेरलेला हा प्रश्न होता, की त्या सहा टक्क्यांतून आलेला, हे कळायला काही मार्ग नव्हता. आणि बारा वर्षं ते दोघं नेमक्या याच चार शब्दांसाठी जगले होते.

नानांचं बोट 'य' वर गेलं. शर्वरीने त्यांचं मनगट धरलं.

"एकदाच म्हणू दे," नाना म्हणाले. "नुसतं म्हणू दे. खूण तू तुझी कर."

"नाना, ये म्हटलं तर तो वाट बघेल."

नानांनी तिच्याकडे पाहिलं.

"अर्धा तास का होईना, बघेल," ती म्हणाली. "आपण बारा वर्षं बघितली. ते त्याच्या वाट्याला नको."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला त्याची कीव आली आहे. पानांच्या बाहुलीची तिला कीव आली नव्हती. सकाळी घाटावर तिने मेलेल्याला अग्नी दिला होता. आता जे ती करणार होती ते वेगळं होतं आणि ते करताना तिला कुठलाच मंत्र सोबतीला नव्हता. तरीही तिने लिहिलं, "नको रे. तू इथेच बस. आम्ही आहोत."

"बरं," नील म्हणाला, आणि गावकऱ्याला जागा व्हावी म्हणून पायरीवर थोडा सरकून बसला.

शर्वरीने 'मृत'वर खूण केली. नानांनी तिच्या फोनवर बोटाने सही केली. वाकडी झाली म्हणून पुसली आणि पुन्हा नीट केली. ढब सहाला बंद होणार होती; तोवर ते दोघं त्याच्याशी बोलत राहिले. तो विचारील त्या सगळ्याची उत्तरं त्यांनी खरी दिली. आई गेली, हेसुद्धा शर्वरीने त्याला त्या दिवशी सांगितलं.